‘९० टक्के अचूक’ चाचणी तपासणी मोहिमेत खरंच किती उपयोगी, हे कसं मोजतात?

‘९० टक्के अचूक’ म्हटलं की चाचणी चांगलीच असणार ना, असं तुम्ही विचारलंय. तपासणी शिबिरांच्या नोंदी बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे आधी हिशेबच मांडते.

दहा हजार बायका तपासल्या आणि त्यांतल्या ५० जणींना आजार आहे असं धरा. चाचणी आजारी असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते, निरोगी असलेल्यांपैकी ९० टक्के सोडून देते. म्हणजे ४५ सापडल्या, ५ निसटल्या. पण ९,९५० निरोगी बायकांपैकी ९९५ जणींच्या हातातही ‘पुढील तपासणी’ची चिठ्ठी पडली. तेवीस चिठ्ठ्यांमागे एक खरी! बाकीच्या बावीस जणींची मजुरी बुडते, घरात रडारड होते, ती वेगळीच.

बरं, सापडल्या म्हणजे वाचल्या असंही नाही. दक्षिण कोरियात तपासण्या वाढल्या तेव्हा २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या नोंदी १९९३ च्या सुमारे १५ पट झाल्या होत्या, मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले.

म्हणून मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो आपल्याकडचा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास. १९९९ मध्ये सुरू झाला, १,३१,७४६ बायका, गावांचे चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, एकदाच केली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटात अशी मोहीम नव्हती. सर्वाधिक बायका संशयित ठरल्या त्या व्हीआयएत, सुमारे १४ टक्के. आठ वर्षांनी या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले: मोहीम नसलेल्या गटात ६४, व्हीआयए ५६, पॅप ५४, एचपीव्ही ३४. गट साधारण सारखेच मोठे होते, आणि तपासणीला न आलेल्या बायकाही मोजणीत धरल्या होत्या. खरी मोजणी ती हीच.

यावरून व्हीआयए टाकाऊ ठरत नाही. मुंबईत वस्त्यांमधून दर दोन वर्षांनी, अशा व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या तेव्हा याच कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तीच चाचणी, पण मोहीम वेगळी.

तुमच्या भागातल्या मोहिमेचा अहवाल मिळाला, तर ‘एकूण तपासण्या’वर थांबू नका. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जणी पुढे रुग्णालयात पोचल्या, तो रकाना काढा. माझ्यासमोरच्या वहीत त्या रकान्यात पुष्कळदा एवढंच असतं: ‘आली नाही, कापणी.’