विद्यापीठपूर्व इंग्रजीचा कोर्स आखताना: पुस्तक सगळ्यात शेवटी निवडा

विद्यापीठात जाणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीचा कोर्स आखण्याचं काम तुम्ही अंगावर घेतलंत याचा खरंच आनंद झाला. सुरुवातीला सगळं शिकवावंसं वाटतं, पण तो मोह आवरा. पुस्तक निवडण्याआधी एवढंच बघा:

१. मुलांना पहिल्या सत्रात नेमकं काय करावं लागणार आहे? तासभराचं व्याख्यान ऐकून टिपणं काढणं, वीस पानांचं प्रकरण वाचणं, निबंध लिहिणं, चर्चेत बोलणं. मुलं विद्यापीठात ज्या विभागात शिकणार आहेत, त्या विभागाचे खरे निबंधप्रश्न मिळवा आणि तिथून उलटे मागे या.

२. पहिल्याच दिवशी मुलांकडून एक परिच्छेद लिहून घ्या. कच्चे दुवे तिथेच दिसतात.

३. शब्दसंग्रहासाठी भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली, शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं म्हणजे एक शब्दकुल) यादी वापरा, पण पाठांतराला देऊ नका. शब्द उताऱ्यात भेटू द्या.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे व्याकरणाच्या धड्यांनाच अभ्यासक्रम समजणं. काळ चोख येणारी मुलंसुद्धा दुसऱ्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडताना अडतात. मूळ वाक्यातले दोन शब्द बदलतात आणि नकळत वाङ्मयचौर्य होतं. यावर भरपूर वेळ द्या: उतारा वाचा, झाका, आठवून लिहा, मग मूळाशी ताडून पाहा आणि स्रोत नोंदवा. दर आठवड्याला हे करून घ्या.

आयईएल्टीएसची (परदेशी प्रवेशासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) तयारी म्हणजे हा कोर्स नव्हे. ती वेगळी ठेवा. मूल्यमापनाचे बारकावे आत्ता नकोत. पहिल्या दोन आठवड्यांचा आराखडा करून इथे टाका, मी नक्की बघेन.