टोकं सुरात, मधलं बेसूर

प्रश्न : काका, नमस्कार. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी संस्थेच्या नाटकाला मी लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत देते. एका प्रवेशात रंकाळ्याच्या काठावर बहीण-भाऊ गप्पा मारत बसलेत आणि बोलता बोलता घराच्या वाटणीचा विषय निघतो. तिथं तंबोऱ्याच्या जवळ जाणारा भरीव आवाज हळूहळू खरखरीत व्हायला हवाय. मी एफएम सिंथमध्ये (एका लहरीनं दुसरीला हलवून आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) दोन आवडते प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, मॉर्फच्या चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांत साठवून मॉर्फ केलं, म्हणजे एकातून दुसऱ्यात सरकवत नेलं. टोकं छान वाजतात, मधे मात्र फुटक्या घंटेसारखं बेसूर होतं. शिवाय एका जागी खटका बसतो. दिग्दर्शक म्हणतात, सरळ दोन क्लिप लाव. काय करू?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दिग्दर्शकांना जरा थांबायला सांग.

बेसूर होण्याचं कारण रेशोत आहे. एफएममध्ये प्रत्येक ऑपरेटरला (लहर काढणाऱ्या भागाला) मूळ स्वराच्या किती पट वाजायचं ते ठरवून दिलेलं असतं, तोच रेशो. एका प्रीसेटमध्ये तो आकडा १ आणि दुसऱ्यात २ असेल, तर दोन्ही ठिकाणी सूर जुळतो. पण मॉर्फ करताना सिंथ दोन आवाज एकमेकांत मिसळत नाही, तो प्रत्येक नॉब एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवतो. वाटेत १.३७ येतं, १.६२ येतं, आणि तिथं घंटाच वाजणार. तुझे दोन प्रीसेट दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी केलेले. त्यांच्या मधल्या वाटेचा विचार कुणी केलेलाच नाही.

म्हणून दुसरा प्रीसेट टाकून दे. पहिलाच आवाज दुसऱ्या कोपऱ्यात कॉपी कर आणि त्यातला एकही रेशो हलवू नकोस. फक्त मॉड्युलेशनचं, म्हणजे एका ऑपरेटरनं दुसऱ्याला हलवण्याचं, प्रमाण वाढव, म्हणजे आवाज उजळ आणि करकरीत होईल, सूर मात्र जागेवर राहील. थोडा फीडबॅक दे, म्हणजे ऑपरेटरचा आवाज त्यालाच परत दे, खरखर येईल. धातूचा कडवटपणा हवा असेल तर ३.५ रेशोचा एक जादा ऑपरेटर दोन्ही कोपऱ्यांत ठेव. पहिल्यात त्याचं प्रमाण शून्य, दुसऱ्यात हवं तेवढं. तो पहिल्यापासून हजर असतो, पण विषय निघेपर्यंत गप्प बसतो. मला विचारशील तर या प्रवेशाला एवढं पुरे.

खटक्याचं कारण वेगळं. लहरीचा आकार, फिल्टरचा प्रकार, इफेक्टचं चालू-बंद यांना बहुतेक सिंथमध्ये मधली अवस्था नसते, तिथं उडीच पडते. इफेक्ट दोन्हीकडे चालूच ठेव आणि मिक्स, म्हणजे इफेक्टचं प्रमाण, शून्यावरून वर ने. डिलेची, म्हणजे प्रतिध्वनीची, वेळ मात्र दोन्हीकडे एकच असू दे, नाहीतर बऱ्याच डिलेंत शेपटीचा सूर टेप ओढल्यागत घसरतो. अटॅक, म्हणजे स्वराची सुरुवातीची चढण, बदलत बसू नकोस. दाबून धरलेल्या स्वराचा अटॅक केव्हाच होऊन गेलेला असतो.

दोन अगदीच परके आवाज हवेच असतील तर जुना मार्ग आहे. १९८६ च्या प्रॉफेट व्हीएस या सिंथमध्ये चार ऑसिलेटर (लहर काढणारे भाग) एकदम वाजायचे आणि जॉयस्टिकनं फक्त कोण किती मोठा हे बदलायचं. तू सिंथच्या दोन प्रती उघडून एकीचा व्हॉल्यूम उतरव, दुसरीचा चढव. एफएम ८ या सॉफ्टवेअर सिंथमधल्या ए, बी, सी, डी चौकोनाचं काम असं चालत नाही, तिथं नॉबच सरकतात. दोन प्रतींमुळे प्रोसेसरवर भार वाढेल, पण बेसूर होणार नाही.

आता खरं महत्त्वाचं. हा बदल वेळ लावून आपोआप होऊ देऊ नकोस, पायाच्या एक्स्प्रेशन पेडलला जोड. भाऊ एका प्रयोगाला पटकन बोलेल, दुसऱ्याला पाण्याकडं बघत बसेल. केशवराव भोसले नाट्यगृहात (२०२४ च्या आगीआधीची गोष्ट) मी विंगेत बसायचो तिथून नटाचा चेहरा दिसायचा नाही, नुसती पाठ. पण वाक्य यायच्या आधी खांदे हलतात. पाय तिथं दाबायचा. क्लिपला खांदे दिसत नाहीत, हे दिग्दर्शकांना माझ्या नावावर सांग. साध्या मिडीत (वाद्य आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा) पेडलच्या ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, तेव्हा हळू दाबताना पायऱ्या ऐकू आल्या तर सिंथमध्ये स्मूदिंग, म्हणजे त्या पायऱ्या गुळगुळीत करायची सोय, आहे का बघ.

पेडल पाव, अर्धं, पाऊण असं रोखून प्रत्येक जागी स्वर धरून ऐक. मधेच आवाज फुगत असेल तर दुसऱ्या कोपऱ्याचा व्हॉल्यूम उतरव. हे हेडफोनवर नको, हॉलच्या स्पीकरवर कर. लॅपटॉपचा बफर, म्हणजे आवाज साठवून पुढं पाठवायचा तुकडा, २५६ सॅम्पलचा ठेव, ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आतच आहे. आणि चार्जर लावल्यावर घूं ऐकू आलं तर सिंथला दोष देऊ नकोस, आधी चार्जर काढून बघ आणि त्या प्रवेशापुरतं बॅटरीवर चालव.