पहिल्यांदाच गाय विणार असेल तर

भावा, गाय शेपटी उचलून सारखी उठबस करतेय म्हणून लगेच हात घालू नकोस. सुरुवात गाय करत नाही, पोटातलं वासरू करतं. दिवस भरले की वासराच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. मग गर्भाशयाला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं आणि स्नायूच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात. एकीला मिळालेला इशारा शेजारणीला पोचतो, सगळं गर्भाशय एकदम आवळतं. तोवर असते ती नुसती इकडे-तिकडे वळवळ.

वासराचे खूर न् डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबले की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं हार्मोन सुटतं. कळ वाढते, दाब वाढतो, आणखी ऑक्सिटोसिन. तोंड उघडायलाच दोन ते सहा तास लागतात, पहिलारूला जास्तही.

गर्दी मात्र नको. माझ्या पहिल्या वेळी अख्खी वाडी बॅटऱ्या घेऊन गोठ्यात जमली. गाय बिथरली, कळाच थांबल्या. घाबरल्यावर सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन गर्भाशय सैल करतं ना! माणसं पांगवली, दिवा बंद केला, तासाभरात कळा परत सुरू.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मनाने टोचू नकोस. तोंड उघडलेलं नसेल तर गर्भाशय फाटू शकतं. तीन-चार वेतं झालेल्या गायीच्या कळा मंद आणि कान गार लागले, तर बहुतेक कॅल्शियम कमी पडलंय, डॉक्टरला बोलाव. पाणमोट फुटून तासाभरात खूर पुढे सरकले नाहीत, तरीही बोलाव.