वाचकांचे प्रश्न : पणजोबांपाशी गाडी अडली

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात जुनं घर आहे. घरची वंशावळ करायला घेतलीय. वडील गंगाधर नारायण, जन्म १९३५. आजोबा नारायण गंगाधर, जन्म १९०८. त्यांचे वडील परत गंगाधर नारायण, ते माझे पणजोबा, सयाजीराव महाराजांच्या वेळी राज्याच्या नोकरीत होते एवढंच ठाऊक. त्यांची जन्मपत्रिका जुन्या पेटीत मिळाली, तिच्यावर शके १७५२ आहे, कोपऱ्यात पलभा ४ असं काहीतरी लिहिलंय, गावाचं नाव मात्र कुठेच नाही. आडनाव गावावरून पडलेलं, पण त्या नावाची गावं निघाली तीन, एक रत्नागिरीकडे, एक अलिबागकडे, एक नगरकडे. घरात सगळे म्हणतात आपण कोकणातले. पत्रिकेतलं साल धरून जुन्या सरकारी कागदांत नोकरीची नोंद शोधली तर काहीच हाती लागत नाही. सोडून देऊ का आता?

उत्तर : अजिबात सोडू नका, तुमच्या हातात बरंच काही आहे, फक्त ते चुकीच्या माणसाच्या नावावर लागलंय असं मला वाटतं. शके १७५२ मध्ये ७८ मिळवा, १८३० येतं. आजोबा जन्मले १९०८ ला. म्हणजे बाप लेकापेक्षा ७८ वर्षांनी मोठा? अगदी अशक्य नाही म्हणता येणार, पण त्यापेक्षा सोपं उत्तर समोर आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे गंगाधर नारायण, नारायण गंगाधर, परत गंगाधर नारायण अशी माळ चालूच राहते आणि दोन पिढ्यांनंतर अगदी तेच पूर्ण नाव फिरून येतं. १८३० चे गंगाधर, मग साधारण १८५५ चे नारायण, मग १८८० च्या पुढेमागे जन्मलेले गंगाधर, आणि मग १९०८ चे तुमचे आजोबा, असं मांडून बघा, कसं नीट बसतं ते. पत्रिका पणजोबांची नाहीच, ती त्यांच्या आजोबांची असणार, आणि तुम्ही १८३० च्या माणसाला १९०५-१० च्या नोकरीत शोधत बसलात तर सापडणार कुठून.

आता हे पक्कं कसं करायचं? तर महालयाची यादी शोधा. पितृपंधरवड्यात महालय करताना गुरुजींना नावं सांगावी लागतात, आणि ती फक्त वडील-आजोबा-पणजोबा एवढीच नसतात. आई-आजी-पणजी, आईचे वडील-आजोबा-पणजोबा, मग काका, आत्या, मामा, मावशी, सासरे, सगळे गोत्रासकट येतात. म्हणून बऱ्याच घरात एक कागद करून ठेवलेला असतो, पोथीत घडी घालून, नाहीतर पंचांगाच्या मागे, नाहीतर ज्या काकांकडे महालय होतो त्यांच्याकडे. तुमच्या आजोबांच्या हातचा कागद मिळाला तर त्यात त्यांचे वडील गंगाधर, आजोबा नारायण आणि पणजोबा परत गंगाधर अशी ओळ असेल, आणि एका ओळीत गंगाधर दोनदा दिसले की काम झालं. त्याच कागदावर आजोबांच्या आईकडचे तीन पुरुष पण मिळतील, दुसऱ्या गोत्राचे, म्हणजे तुमच्या पणजीचं माहेर. ते हातचं सोडू नका. वरचा रस्ता बंद झाला की आडवं जायचं, हे मी जो विचारेल त्याला सांगते. पणजीच्या माहेरच्यांचा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, छापलेला असला तर त्यात मुलगी कुठे दिली, कोणत्या गावच्या कोणत्या घरात, हे लिहिलेलं असू शकतं, आणि तुमचं गाव तुमच्या कागदात नसून त्यांच्या पुस्तकात निघतं.

पलभेचं पण बघू, कारण ही गोष्ट लोक सहसा वाचतच नाहीत. विषुवदिनाला भर दुपारी बारा अंगुळं उंच काठीची सावली किती अंगुळं पडते ती पलभा, म्हणजे गाव जितकं उत्तरेला तितकी ती जास्त. बडोद्याची पाचच्या जवळ येते, रत्नागिरीची साडेतीन ते पावणेचारच्या मध्ये, आणि चार म्हटलं की अलिबाग, पुणे, नगर हा पट्टा. म्हणजे जन्म बडोद्यातला नाही, आणि तुमच्या तीन गावांतलं रत्नागिरीकडचं गाव मागे पडतं. पुरावा म्हणून नका धरू हं, जोशीबुवांनी हाताशी असलेल्या पंचांगातली पलभा तशीच उतरवलेली असू शकते, पण शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळलं. अलिबाग पण कोकणच, त्यामुळे घरातली गोष्ट खोटी ठरत नाही.

मग आजोबांची शाळा. बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण १९०६ साली सगळीकडे सक्तीचं झालं, त्याआधी १८९३ ला अमरेलीत सुरुवात झाली होती. आजोबा १९०८ चे, म्हणजे शाळेत गेले असणारच, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ मिळू शकतं. ते बडोदाच असेल असं धरून चालू नका. राज्याच्या नोकरांच्या बदल्या नवसारी, अमरेली, कडी अशा प्रांतांत व्हायच्या, त्यामुळे पणजोबांचं नाव शहराच्या कागदांत नसून तिकडच्या कागदांत असू शकतं.

घरातली तांब्या-पितळेची भांडी काढा माळ्यावरून. हंडा, परात, कळशी, काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव असतं, चिंचेनं घासून घासून निम्मं गेलेलं. त्यावर जरा खडूची पूड चोळा, बॅटरी एका बाजूनं आडवी धरा आणि फोटो काढा, अक्षरं उठतात. लग्नात माहेरून आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, कधीकधी गाव आणि साल पण.

हे सगळं जमवून मगच नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे क्षेत्राच्या गुरुजींच्या, यात्रेला आलेल्यांची नावं लिहिलेल्या वह्या गावावरून आणि आडनावावरून उघडतात, तुम्ही तिन्ही गावं सांगा, अलिबागकडचं आधी. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर घाबरायचं कारण नाही, मोडी वाचणारे आता पुष्कळ आहेत, फक्त एका ओळीचा फोटो नका काढू, पूर्ण पान घ्या, कारण यात्रेला भाऊबंद बरोबर जायचे आणि त्यांची नावं वरखालीच असतात. सिद्धपूर तर तुम्हाला जवळ, आईचं श्राद्ध करायला लोक तिथे जातात, तिथल्या गुरुजींकडे पण विचारा, बायकांची नावं मिळायची ती एक चांगली जागा आहे.

प्रश्न : आजोबांचे धाकटे भाऊ इंदूरला वारले. बडोद्याच्या गुजराती कागदावर आषाढ, संवत १९८२ आहे आणि इंदूरहून आलेल्या पत्रात आषाढ, संवत १९८३. कोणतं खरं धरायचं?

उत्तर : दोन्ही खरी आहेत. गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो आणि माळव्यातला, म्हणजे इंदूरकडचा, चैत्रात, म्हणून चैत्रापासून आश्विनापर्यंत दोघांत एक आकडा कमीजास्त राहतो. तुमच्या केसमध्ये दोन्ही कागद १९२६ च्या आषाढाचेच आहेत, गुजरातच्या आकड्यातून ५६ वजा करा, माळव्याच्या आकड्यातून ५७. तिथी जुळवताना अजून एक लक्षात ठेवा, माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि गुजरातेत अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षातल्या तिथीला महिन्याचं नाव पण वेगळं येईल. एकाच घरातले दोन भाऊ समजून दोन माणसं लिहू नका चार्टमध्ये, असं झालेलं मी खूप घरांत बघितलंय.

प्रश्न : डीएनए टेस्ट केली तर पूर्वजांचं गाव कळेल का?

उत्तर : गाव नाही कळणार, नाव तर नाहीच. बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा कळते, पण ती हजारो वर्षांमागची, आणि जवळचा नातेवाईक त्यातून तेव्हाच सापडतो जेव्हा त्यानं पण त्याच कंपनीकडे टेस्ट केलेली असते. दुरावलेल्या चुलत घराण्याशी नातं आहे की नाही एवढंच तपासायचं असेल आणि दोघं तयार असतील तर जरूर करा. नाहीतर ते पैसे नाशिकच्या प्रवासाला ठेवा, आणि पितृपंधरवड्यात जाऊ नका, तेव्हा गुरुजींना वह्या काढून बसायला वेळच नसतो.