‘सोजर्न’ म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की कोकणातल्या एका होमस्टेच्या पाटीवर ‘सोजर्न’ असं वाचलं, त्याचा अर्थ काय आणि साधं ‘स्टे’ लिहायला काय झालं होतं. झालं काहीच नव्हतं. पण आपल्याकडे ‘स्टे’ म्हटलं की निम्म्या लोकांना जमिनीच्या दाव्यातली स्थगिती आठवते. शिवाय भारी शब्द लावला की भाडंही जरा भारी लावता येतं.

सोजर्न म्हणजे आपलं नसलेल्या ठिकाणी काही काळापुरतं राहणं. परत जायचंय किंवा पुढे जायचंय, हे त्यात धरलेलंच असतं. रोजच्या बोलण्यात इंग्रजही तो फारसा वापरत नाहीत, पुस्तकी शब्द आहे. अमेरिकेत उच्चार सोजर्न, इंग्लंडात बहुधा सॉजन.

गंमत त्याच्या कुळात आहे. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये आला तो बोलीभाषेतल्या लॅटिनमधून. तिथलं ‘सुबदिउर्नारे’ हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, भाषातज्ज्ञांनी ते मागे मागे जाऊन जुळवलंय. त्यातलं ‘दिउर्नुम’ म्हणजे दिवस. या ‘दिउ’चा ‘ज’ कसा झाला, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली, तसंच दिउर्नुमचं फ्रेंचमध्ये ‘जूर’ झालं. ‘बाँजूर’ या फ्रेंच नमस्कारातला तोच हा जूर. लॅटिन ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ एकाच मुळाचे, इंग्रजी ‘डे’ मात्र दिसायला सारखा असला तरी या घरातला नाही.

एकदा हा दिवस दिसला की बाकीची भावंडंही ओळखू येतात. जर्नी म्हणजे मुळात एका दिवसात होईल तेवढी वाट. जर्नल म्हणजे आपली रोजनिशी. जर्नीमन म्हणजे प्रवासी नव्हे हं, रोजंदारीवर काम करणारा कारागीर. आणि ॲडजर्न म्हणजे पुढचा दिवस नेमून देणं. कोर्टात आपण ‘तारीख पडली’ म्हणतो ना, अगदी तेच.

आता मराठीत काय म्हणायचं? माझं मत ‘मुक्काम’. हा मूळचा अरबी शब्द, उभं राहण्याची जागा या अर्थाचा. पण आपण त्याला असा मुरवला की पत्त्यातसुद्धा आधी ‘मु. पो.’ येतं. तो एका रात्रीलाही चालतो आणि ‘आत्याचा महिनाभर मुक्काम आहे’ असंही म्हणता येतं. ‘वास्तव्य’ जरा सरकारी वाटतं, ‘पडाव’ला तंबू आणि घोडे लागतात.

एक फरक मात्र राहतोच. त्यांच्या शब्दाच्या पोटात दिवस आहे, आपण मोजतो रात्र. वारीत दुपारी पालखी टेकते तो विसावा, रात्री उतरते तो मुक्काम. गावाकडे अजूनही ‘आज वस्तीला थांबा’ म्हणतात, तेव्हा रात्रच म्हणायची असते. संस्कृतातल्या ‘वसति’चाही एक अर्थ रात्र काढणं हाच आहे. लहानपणी आमच्या गावात शेवटची एसटी यायची ती मुक्कामाची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायचे, कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी जायची. पहाटे अंधारात इंजिन घरघरायला लागलं की आमची आई चूल पेटवायची. दुपारी तीच गाडी तासभर उभी असायची, पण त्याला कुणी मुक्काम म्हणत नसे.

जाता जाता एक. न्यूयॉर्क राज्यात गुलामीत जन्मलेल्या इझाबेला नावाच्या बाईने १८४३ साली स्वतःचं नाव बदलून सोजर्नर ट्रुथ ठेवलं आणि गावोगाव फिरून गुलामगिरीविरुद्ध भाषणं दिली. सोजर्नर म्हणजे मुक्कामाला आलेला, पुढे जाणारा. पुढे नासाने मंगळावर जी पहिली फिरती गाडी पाठवली, तिला एका बारा वर्षांच्या मुलीने सुचवल्यावरून याच बाईचं नाव दिलं. गाडी जुलै १९९७ मध्ये उतरली. काम करील असा अंदाज होता ७ दिवसांचा, तेही मंगळाचे दिवस, आपल्यापेक्षा जवळपास ४० मिनिटांनी मोठे. तिने काढले ८३. परत आणायची सोय नव्हतीच, त्यामुळे ती अजून तिथेच आहे. मु. पो. मंगळ लिहायला हरकत नाही.