आजोबांची तारऑफिसातली पितळी मोर्स की (दाबून तारेचे संदेश पाठवायची कळ) हिरवी पडली आहे. गावात घरीच चालू करता येईल का?

येते की! तार २०१३ मध्ये बंद झाली, मोर्स की नव्हे. पितळेचे भाग सुटे करून चिंचेच्या कोळाने घासा, धुवा, उन्हात वाळवा. विदर्भात उन्हाला काय तोटा? लाकडी पाट मात्र भिजवू नका.

खरी मेख संपर्कबिंदूंत, म्हणजे की दाबल्यावर एकमेकांना टेकणाऱ्या दोन टोकांत. ते बहुधा चांदीचे असतात, म्हणून तिथं पॉलिश पेपर नकोच. कोऱ्या कागदाची पट्टी मधे धरा, मोर्स की हलकेच दाबा अन् पट्टी ओढा. काळी रेघ उमटेनाशी होईस्तोवर हेच.

या बिंदूंमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी पुरे. दाबताना की सरकते? खाली कडप्प्याचा तुकडा बसवा. तपासायला सेल अन् बझर चालतो. रेडिओवरून संदेश पाठवायला मात्र हौशी रेडिओचा परवाना लागतो.