शनिवार नको, अष्टमी बघा

तुमचा बेत वाचला. सहा मित्र, डिसेंबरातला शनिवार, भाऊच्या धक्क्यावरून गळाने मासे धरायला रात्रभरासाठी बोट, पौर्णिमा असल्यामुळे चांदणंही मिळेल, आणि प्रश्न असा की सामान काय काय घ्यायचं. सामानाचं नंतर. आधी तारीख बदला.

पौर्णिमेला उधाण असतं. मुंबईत त्या दिवसांत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं आणि तेवढं पाणी सहा तासांत धावतं. गळाला पाव किलो शिसं बांधलं तरी तळाला राहत नाही. दोरी तिरकी होऊन बोटीच्या मागे तरंगते आणि सहा जणांच्या दोऱ्यांची वेणी होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कोजागिरीच धरली होती. दूध आटवून नेलं होतं, हसू नका. रात्रीचे चार तास गुंता सोडवण्यात गेले.

अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. चढ-उतार निम्म्याहून कमी, ओढ मंद, आमिष जिथे सोडलं तिथे राहतं. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. आठची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला साधारण सहाला पूर्ण भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी संपून पाणी फिरणार. मासा लागतो तो बहुधा याच वेळी, पाणी फिरायच्या अर्धा तास आधी आणि नंतर. जेवण त्याआधी उरका. त्यातही वद्य अष्टमी घ्या. चंद्र मध्यरात्रीला उगवतो, तोवर काळोख. हिवाळ्यात कधी कधी पाण्यात निळा उजेड असतो, दोरी ओढली की तिच्या कडेने ठिणग्या उडाल्यासारख्या दिसतात. चांदण्यात हे काही दिसत नाही.

आता तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. बोट स्वस्त आहे म्हणून ठरवू नका. एकदा आम्ही नऊ जण होतो आणि लाइफ जॅकेटं निघाली चार, तीही जाळ्याखाली दाबलेली. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, म्हणाला, "काय होत नाय." झालं काही नाही, पण रात्रभर मी त्या चार जॅकेटांकडेच बघत होतो. तेव्हा धक्क्यावरच जॅकेटं मोजा. वायरलेस चालू आहे का, बोटीचे कागद आहेत का, प्रवासी न्यायची परवानगी आहे का, हे तोंडावर विचारा. प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ हवं, २००८ नंतर समुद्रात तपासणी होते. मोबाइलची रेंज थोड्या अंतरावर जाते, तरी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ लिहून ठेवा आणि घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून जा. नांगर कुठे टाकायचा ते तांडेलावर सोडा, फक्त मोठ्या जहाजांच्या वाटेत नको. रात्री कंटेनरचं जहाज जवळून गेलं की आधी दिवे दिसतात, आवाज नंतर येतो, आणि लाट त्याच्याही नंतर.

सामान फार नको. हातदोरी पुरते, रॉडचा हट्ट धरू नका. दोरी तर्जनीवर धरली की तळाचा मासा टोचतोय की दगड लागलाय ते बोटाला कळतं. आमिषाला ताजी कोळंबी आणि माकूल, म्हणजे स्क्विड. माकूल चिवट, छोटे मासे सहज सोडवून नेत नाहीत. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, ओकारी सुरू झाल्यावर नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि डिझेलच्या धुरापासून लांब बसा.

लागेल काय? घोळ माशाची स्वप्नं ठेवा, पण बहुतेक वेळा शिंगाळा, करकरा, ढोमा, नशीब असेल तर तांबोशी. करकरा वर आला की खरंच करकरतो, बादलीत टाकला तरी थांबत नाही. शिंगाळ्याला मात्र हात लावू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, करवतीसारखा, विषारी. खलाशी पक्कड घेऊन ते तीन काटे कट्-कट्-कट् मोडतो आणि मगच गळ काढतो. आमच्यातल्या एकाने घाई केली, काटा अंगठ्यात गेला, दहा मिनिटांत हात खांद्यापर्यंत ठणकायला लागला. चहाचं पाणी गरम होतंच, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात अंगठा बुडवून ठेवला तेव्हा कळ उतरली. सकाळी धक्क्यावरून थेट डॉक्टरकडे गेला. म्हणून स्टोव्ह आणि पक्कड या दोन गोष्टी बोटीवर आहेत याची खात्री करा.

पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून, चांगलाच गार. स्वेटर न्या, मुंबईकर हेच विसरतात. दुपारपर्यंत रेंगाळू नका, समुद्राकडून खारा वारा सुटला की परतीला लाटांचे हेलकावे सोसावे लागतात.

तारीख बदललीत की इथेच तिथी टाका, शिसं किती वजनाचं घ्यायचं ते सांगतो.